उघडता येईल असा दिवा

अलीकडे आमच्या वऱ्हाडातील शिकलेल्या मंडळींत एक मत फार रूढ होऊ पाहत आहे. ते असे की, जी वस्तू बाजारात स्वस्त मिळते ती विद्यालयात घडवीत बसणे हा काळाचा अपव्यय होय. अमरावतीस अथवा अकोल्यास कोणत्याही महाविद्यालयाच्या अध्यापकवर्गात हा विषय काढून पाहावा. दहांपैकी आठ जण हेच सांगतील, आणि उरलेले दोघे गप्प बसतील. आम्ही एवढेच सुचविले होते की, विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांकडून कर्मशाळेत, सुताराच्या हाताखाली, लाकडी एलईडी दिवे करवून घ्यावे. दिवा असा असावा की त्याचा प्रत्येक भाग सुटा व्हावा, बिघडेल तेवढाच बदलता यावा, आणि एका खंडास दुसरा जोडून लहान दिव्याचा मोठा करता यावा. बाजारात ज्यास ‘मॉड्यूलर’ म्हणतात तोच हा प्रकार. या साध्या सूचनेवर तीन आक्षेप आले: दिवा शंभर रुपयांच्या आत विकत मिळतो, लाकूड जळते, आणि महाविद्यालय म्हणजे सुताराची पडवी नव्हे. यांतील पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा, दुसरा पदार्थविज्ञानाचा व तिसरा केवळ अहंकाराचा आहे. तिन्हींचा परामर्श घेणे आम्हांस अवश्य वाटते. कारण प्रश्न एका दिव्याचा नसून आमच्या शिक्षणाचा आहे.

प्रथम प्रतिपक्षाच्या म्हणण्यात जे खरे आहे ते मोकळ्या मनाने मान्य करू. एलईडी ही विज्ञानाची थोर देणगी आहे, याविषयी वाद नाही. १९०७ साली राउंड या इंग्रज संशोधकास कार्बोरंडमच्या स्फटिकातून वीज सोडताच मंद उजेड दिसला. १९२०नंतरच्या दशकात रशियात लोसेव्ह याने त्या उजेडाचा चिकाटीने अभ्यास केला. १९६२ साली अमेरिकेत होलोन्याक याने डोळ्यांस दिसणारा तांबडा एलईडी सिद्ध केला. परंतु पांढरा उजेड मिळण्यास निळा एलईडी हवा होता, आणि तो अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघा जपानी शास्त्रज्ञांच्या परिश्रमाने साध्य झाला. त्यांस २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढल्याच वर्षी, ५ जानेवारी २०१५ रोजी, आपल्याकडे ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि तिच्या द्वारे ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघर गेले. २०१४ साली सरकारी खरेदीत जो बल्ब ३१० रुपयांस पडत होता तो २०१६ साली ३८ रुपयांवर आला. जुना तारेचा बल्ब ६० वॅट खाऊन जेवढा उजेड देई तेवढा हा ९ वॅटांत देतो. या उपकाराचे विस्मरण आम्हांस झालेले नाही. जो दिवा गरिबाच्या झोपडीत पोहोचला त्याची निंदा करणे हे आमचे काम नव्हे.

आमची तक्रार दिव्याच्या जातीविषयी नसून त्याच्या बांधणीविषयी आहे. बाजारातील बल्ब अगर छताची गोल चकती हाती घेऊन पाहावी. वरची टोपी डिंकाने चिकटविलेली, खालचे पात्र दाबून बसविलेले, स्क्रू एकही नाही. आत तीन वस्तू असतात: एलईडीच्या दाण्यांची पाटी, तिची उष्णता बाहेर नेणारा धातूचा पत्रा, आणि घरच्या विजेस दाण्यांजोगी करणारे लहानसे यंत्र, ज्यास ड्रायव्हर म्हणतात. यांपैकी आधी मरतो तो बहुधा दाणा नव्हे. ड्रायव्हरमधील विद्युत्-धारकात द्रव असतो, तो उष्णतेने सुकत जातो. तपमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. ज्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेथे छताला चिकटलेल्या बंद डबीत त्या बिचाऱ्या धारकाची काय गत होत असेल, हे सांगावयास नको. बरे, एखादा दाणाच गेला, तरी सर्व दाणे एकाच माळेत गुंफलेले असल्यामुळे एकाच्या मृत्यूने सारी माळ विझते. म्हणजे एक पैशाचा अवयव बिघडला की शंभर पैशांचा देह उकिरड्यावर! आणि उकिरड्यावर पडतात ते काय? ॲल्युमिनियम, तांबे, आणि अनेक वर्षे जळू शकले असते असे शाबूत दाणे.

येथे एक इतिहास आठवण्याजोगा आहे. १९२४ साली यूरोप-अमेरिकेतील बड्या बल्ब-कारखानदारांनी जिनिव्हा येथे ‘फीबस’ नावाचा संघ स्थापिला. बल्बाने १००० तासांहून फार जास्त जगू नये असे त्याने ठरविले, आणि ज्यांचे बल्ब अधिक जगत त्यांस दंड केला. फीबस हे ग्रीकांच्या सूर्यदेवाचे नाव. त्या देवाच्या नावाने उजेडाचे आयुष्य तोडण्याचा हा उद्योग चालला होता! हल्लीच्या कारखानदारांवर तसल्या कटाचा आरोप करण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. कट करावाच लागू नये इतका ग्राहक आज निमूट झाला आहे. वस्तू उघडत नाही याचे त्यास वैषम्य वाटत नाही. कारण उघडून पाहण्याची त्याची सवयच मोडली आहे.

ही सवय आमच्या पूर्वजांस होती, आणि ती त्यांच्या दिव्यांतच दिसते. देवघरातील समई पाहावी. बैठक, खांब, तेलाची वाटी, वरचा मोर, सर्व फिरकीने एकमेकांत बसणारे. सणाच्या आदल्या दिवशी घरातील बाई ती सारी उकलून चिंचेने घासते व पुन्हा उभी करते. खांबास आणखी एक खंड जोडला की समई उंच होते. यास ‘मॉड्यूलर’ नाही म्हणावयाचे तर कशास म्हणावयाचे? कंदिलाचेही तेच. काच फुटली, काच आणली. वात सरली, वात घातली. बर्नर झिजला, बर्नर बदलला. कंदील मात्र बापाचा मुलाकडे आला. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या घरोघर पोहोचला तो याच गुणावर, आणि तोही तळेगावच्या पैसा फंडाच्या काच-कारखान्यासारख्या स्वदेशी प्रयत्नांनी जी हवा निर्माण झाली होती त्या हवेत. तेव्हा सुट्या खंडांचा दिवा ही परदेशी टूम आहे असे ज्यांस वाटते त्यांनी आपल्या देवघरात एकदा डोकावून यावे. नवी टूम आहे ती न उघडणाऱ्या दिव्याची.

आता आम्ही सुचवितो तो दिवा कसा असतो हे थोडक्यात सांगतो. वीत-दीड वीत लांबीची लाकडाची चौकट, तिच्या पोटात कोरलेली खोबण. खोबणीत ॲल्युमिनियमची पट्टी, आणि पट्टीवर १२ व्होल्टांची एलईडीची फीत. या फितीत तीन तीन दाणे व एक रोधक यांचा एकेक गट असतो, म्हणून दाणा गेला तर तिघेच विझतात, बाकीचे जळत राहतात. वर दुधी रंगाची चकती, सरकवून बसविलेली. ड्रायव्हर दिव्याच्या पोटात न ठेवता दूर, वारा लागेल अशा जागी, स्वतंत्र पेटीत. चौकटीच्या एका टोकास कुसू, दुसऱ्या टोकास त्याजोगी खोबण, आणि दोहोंत पितळेच्या पत्त्या, म्हणजे खंडास खंड जोडला की वीज आपोआप पुढे जाते. चार खंड सरळ जोडावे, मेजावरचा दिवा होतो. चौकोनात जोडावे, छताचा होतो. १२ व्होल्टांचा धक्का बसण्याची भीती नाही. मात्र पत्त्या एकमेकांस टेकून वीज आखूड वाटेने धावू नये म्हणून पेटीत फ्यूज हवा. २४ वॅटांच्या दिव्यास २ अँपिअर लागतात, तर तार किती जाड घ्यावी, हे गणित अकरावीच्या पुस्तकात आहे. परंतु पुस्तकात ते परीक्षेपुरते असते, येथे तार तापली तर हातास कळते.

लाकडाचे शास्त्र याहून कमी नाही. आमच्या वऱ्हाडातील हवा वैशाखात भाजते आणि श्रावणात भिजविते. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने आकसते व फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून धातूची पट्टी डिंकाने जखडली की दोन ऋतूंत चौकट तडकते. लांबट भोकातून स्क्रू घालून तिला सरकण्यास जागा ठेवावी लागते. नवे ओले लाकूड घेऊ नये. जुन्या वाड्यांच्या तुळया व कडीपाट आज पाडकामाच्या ढिगांत पडले आहेत, त्यांतील सागवानाने अनेक उन्हाळे-पावसाळे सोसून ओलेपणाचे आपले आकसणे केव्हाच उरकले आहे. आडजात लाकडांत बाभूळ आहे, ज्या बाभळीने आमच्या बैलगाड्यांचा भार वाहिला. वरून आमच्याच शेतातील जवसाचे तेल चोळावे, आणि तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, कारण तो आपल्याच उष्णतेने पेट घेऊ शकतो. हे सर्व पदार्थविज्ञान व रसायन नव्हे काय? आणि ते शिकविणारा, आमच्या इकडे ज्यास वाढई म्हणतात तो सुतार, अध्यापक नव्हे काय?

आता आक्षेपांकडे वळू. लाकूड जळते, हे खरे. परंतु ते जळण्यास अडीचशे अंशांच्या पुढे उष्णता लागते, आणि एलईडीची पाटी शंभरीच्या आत राखावीच लागते, नाहीतर लाकडाच्या आधी दाणाच मरेल. खरी अडचण नेमकी उलट आहे: लाकूड पेटते ही नव्हे, तर लाकूड उष्णता वाहून नेत नाही ही. ॲल्युमिनियम सागवानाच्या हजारपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहते. म्हणूनच दाणे लाकडावर न चिकटविता धातूवर बसवावे, आणि धातूची पाठ हवेस उघडी राहील अशी फट सुताराने ठेवावी. ज्यांनी हा आक्षेप घेतला ते पदार्थविज्ञान शिकवितात. त्यांनी उष्णतावहनाचा पाठ फळ्यावर शेकडो वेळा लिहिला असेल, परंतु त्या पाठाचा उपयोग करावयाची वेळ आली तेव्हा त्यांस तो न आठवता चुलीतील लाकूड आठवले. पुस्तकी विद्येचे याहून बोलके उदाहरण आम्ही कोठून आणावे?

स्वस्ताईचा आक्षेप अधिक विचारणीय आहे. कर्मशाळेतील पहिला दिवा बाजारच्या दिव्याच्या कितीतरी पट महाग पडेल, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. परंतु किंमत एकदा मोजावयाची की आयुष्यभर? चौकट पिढीभर टिकते. फीत व ड्रायव्हर बदलावयाचे ते जुन्याच्या जागी सुटे मिळतात. दुसरे असे की, पैसा जातो कोठे? ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु कुऱ्हाडीने झाड पडते, दिवा घडत नाही. आमचा कापूस लँकेशायरला गेला आणि कापड होऊन परत आला, ही कथा आम्ही इतिहासाच्या तासास रडतो. तेच मेळघाटच्या सागवानाचे चालले आहे. परतवाड्याच्या वखारींतून लाकूड बाहेर जाते आणि परत येतो तो प्लॅस्टिकचा दिवा. त्याबद्दल मात्र कोणाच्या डोळ्यांस पाणी येत नाही. कच्चा माल देणारा व पक्का माल घेणारा प्रांत कितीही कणसे पिकवो, तो दुसऱ्याच्या दिव्यानेच वाचणार.

येथेच आमच्या पक्षातील म्हणविणाऱ्या काही मंडळींसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. पुण्या-मुंबईच्या श्रीमंत दालनांत लाकडी एलईडी दिवे हल्ली पुष्कळ दिसतात. ओंडक्याची साल तशीच ठेवलेली, तिच्या भेगेत राळ ओतलेली, आणि राळेत फीत कायमची गाडलेली. किंमत हजारांत, आणि फीत गेली की सारा ओंडका निकामी. लाकूड वापरल्याने दिवा आमचा होत नाही. उघडता आला तरच होतो. हा प्रकार म्हणजे प्लॅस्टिकच्या डबीने खेड्याचे सोंग घेणे होय, आणि सोंगास आमचा पाठिंबा नाही.

राहिला तिसरा आक्षेप, महाविद्यालय म्हणजे सुताराची पडवी नव्हे हा. हे वाक्य ज्या तोंडातून निघते ते तोंड समतेवर व्याख्यानेही देते, ही आमच्या सुशिक्षितपणाची शोकांतिका आहे. बलुतेदारीने सुताराचा हात आणि पंडिताचे डोके यांत जी भिंत घातली तीच आम्ही पदवीच्या चुन्याने पांढरी करून ठेवली आहे. हातास बुद्धी नाही व बुद्धीस हात नाहीत, अशा दोन जाती आमच्या महाविद्यालयांत राजरोस नांदतात. ओहमचा नियम तोंडपाठ असलेल्या पदवीधरास घरचा दिवा उघडता येत नाही; आणि बाजाराच्या कोपऱ्यावर एखादा शाळा सुटलेला पोरगा तोच दिवा उघडून, मेलेला दाणा चाचपून, त्यास बाजूस सारून दिवा पुन्हा पेटवितो. या दोघांत शिकलेला कोण? आम्ही त्या पोरास पदवी द्या असे म्हणत नाही. पदवीधराने त्याच्याजवळ आठ दिवस बसावे असे म्हणतो.

ही आमची कल्पना आकाशातून पडलेली नाही. १९३७ साली शेजारच्या वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षणपरिषद भरली तिने उद्योगाच्या द्वारा शिक्षण हे सूत्र देशापुढे ठेविले. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापून ते सूत्र आधुनिक विज्ञानाशी जोडले. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे ‘फॅब लॅब’ उभी राहिली, तीही एका खेड्यात! आमच्या मेळघाटातच लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभारून कोरकू कारागिरांच्या हातास बाजार मिळवून दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ शिकावे असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे आज्ञा आहे, आदर्श आहे, लाकूड आहे. नाही ती लाज सोडण्याची तयारी. आणि ज्यांस स्वदेशी प्रमाण पुरत नाही त्यांच्यासाठी परदेशी प्रमाणही देतो: यूरोपीय संघाने २०१९ साली केलेल्या व १ सप्टेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या नियमांप्रमाणे, तांत्रिक कारण दाखविता येत नसेल तर, दिव्यातील प्रकाशाचा भाग व ड्रायव्हर साध्या हत्यारांनी, दिवा न मोडता, काढता-बदलता आलाच पाहिजे. आता तरी आमचे म्हणणे चरखेवाल्यांचे वेड म्हणून उडवून लावता येईल काय?

तेव्हा आमची मागणी मोघम राहू नये म्हणून ती स्पष्ट मांडतो. अमरावती व अकोला येथील विज्ञान महाविद्यालयांनी शेजारच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेशी करार करून वर्षातून एक सत्र तेथील सुतारकामाच्या व वीजकामाच्या शाळेत भरवावे. तेथील निदेशकांस व गावातील एका जाणत्या वाढईस अध्यापकाचा मान व मानधन द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सर्वांनी मिळून एक माप ठरवावे: कुसवाची लांबी, खोबणीची रुंदी, पत्त्यांमधील अंतर, विजेचा दाब. माप एक नसेल तर सुट्या खंडांच्या दिव्यास अर्थ नाही. यूरोपात २०१० साली एकमेकांशी स्पर्धा करणारे दिव्यांचे कारखानदार ‘झागा’ नावाच्या संघात एकत्र आले ते याच कामासाठी, एकाचा भाग दुसऱ्याच्या दिव्यात बसावा म्हणून. नफ्याचे भुकेलेले कारखानदार जे जुळवू शकले ते शंभर किलोमीटरांच्या आतील दोन विद्यानगरांस जुळविता येऊ नये? अकोल्यास केलेला खंड अमरावतीच्या खंडात ज्या दिवशी न ठोकता बसेल, त्या दिवशी या दोन शहरांत विद्यापीठाच्या परिपत्रकांखेरीज दुसरेही काही समान आहे असे आम्ही समजू.

प्रतिपक्षाने याहून चांगली योजना आणावी, आम्ही आमची मागे घेऊ. परंतु ‘विकत मिळते’ हे उत्तर योजना नव्हे. विकत तर प्रश्नपत्रिकेची उत्तरेही मिळतात. म्हणून आम्ही वर्ग बंद केलेले नाहीत. ज्या पिढीच्या हाती आपण प्रत्येक वस्तू बंद करून देतो, तिने पुढे प्रत्येक प्रश्न बंदच ठेवला तर दोष तिच्याकडे जाणार नाही. दिवा विझला असता त्यास फेकावे की उघडावे, एवढेच आज ठरवावयाचे आहे. आणि ते ठरविण्याची जागा दुकान नसून शाळा आहे.